शिट्टी थांबवता येईना

मावशी थंड पाण्याने तोंड धुतात. कितीही गारठा असो. पाणी मारताना "हाऽ" असा आवाज काढतात, शेजारच्यांना ऐकू जाईल इतका.

कामाला इस्त्रीचे कपडे घालून येतात. काम तेलाचं आणि काजळीचं. तरी रुमालालासुद्धा घडी असते.

येण्याचा रस्ता अधूनमधून बदलतात. पायांना कंटाळा येऊ नये म्हणून.

फाटकापाशी झोपलेल्या कुत्र्याला "काय साहेब, रात्रपाळी झाली वाटतं" म्हणतात. कुत्रा डोळे उघडत नाही.

माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरकडून रोज एक विनोद घेतात आणि जेवताना तो चुकवून सांगतात. शेवट आधी सांगून टाकतात. मग आपणच हसतात.

डब्याखाली धुतलेला फडका अंथरतात. एकट्या जेवत असल्या तरी.

बॉयलरच्या खोलीच्या लोखंडी दारावर आधी तळहात टेकवतात. तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा.

मग शिट्टी वाजवत आत जातात.

हे सगळं मी वर्षभर पाहत आले. मला ते गमतीचं वाटायचं. आता वाटत नाही.

आमची लॉन्ड्री मोठी आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे आमच्याकडे धुवायला येतात. एका दाराने मळलेलं येतं, दुसऱ्या दाराने घडी होऊन जातं. मध्ये धुण्याची यंत्रं, त्यापुढे वाळवण्याची, त्यापुढे इस्त्रीचे तापलेले रूळ. या सगळ्यांना वाफ लागते. वाफ देणारा बॉयलर मागच्या भिंतीपलीकडे वेगळ्या खोलीत आहे. हॉलमधून एक अरुंद बोळ तिकडे जातो. बोळाच्या टोकाला लोखंडी दार आणि दाराआड मावशी.

माझं काम डाग पाहण्याचं. मळलेली चादर टेबलावर पसरायची, डाग कशाचा आहे ते ओळखायचं, त्याप्रमाणे ती वेगळ्या ढिगात टाकायची. साहित्यात पदवी घेतली आणि दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून इथे आले. रुळावरच्या काकू मला पदवीधर म्हणतात. "पदवीधर, ही चादर वाच बरं," म्हणतात. "हिला चादरीत कविता दिसते गं. आपल्याला मेला डागच दिसतो."

मावशींना सगळे मावशीच म्हणतात. त्यांच्या पाठीमागे मात्र शिट्टी. "शिट्टी आली का?" "शिट्टीला विचार, वाफ कधी येणार?" त्यांना हे नाव माहीत आहे. आवडतंही. त्यांचे यजमान इथेच बॉयलरवर होते. मावशी त्यांचा डबा घेऊन यायच्या आणि ते जेवेपर्यंत बॉयलरवर लक्ष ठेवायच्या. ते आजारपणात गेले. मालकांनी मावशींना घड्या घालायला ये म्हटलं. मावशी म्हणाल्या, मला येतं ते काम द्या. मग रीतसर परीक्षा दिली आणि त्या खोलीत शिरल्या. तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. आता तो ट्रक चालवतो. त्याचं लग्न झालंय. घरात मुलगा, सून आणि मावशी.

शिट्टी ही आमच्या हॉलची सवय झाली होती. मागच्या भिंतीतून ती बारीक ऐकू यायची. कुठलं गाणं असं नाही. नुसती वर-खाली जाणारी. यंत्रांच्या घरघरीतूनही ती बरोबर वेगळी निघायची. नवीन माणूस कामाला लागला की मुकादम त्याला सांगायचे, "बॉयलरची काळजी करू नकोस. शिट्टी चालू आहे तोवर सगळं ठीक आहे."

सगळ्यांनी हे धरून ठेवलं होतं. मीही.

एका दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात बाकावर बसलो होतो. मावशींचा विनोद चुकवून सांगून झाला होता. मला सकाळपासून उदास वाटत होतं. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला रोज एवढा उत्साह येतो कुठून?"

"येतो कुठून म्हणजे? तो काय नळाला येतो?"

"मग?"

"आणावा लागतो. पाण्यासारखाच. विहिरीवरून." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग आवाज जरा खाली आणला. "सांगितलंस कुणाला तर बघ. मला त्या खोलीची भीती वाटते."

मला वाटलं आजचा दुसरा विनोद आहे. मी हसले.

"हसू नकोस. पहिल्या दिवसापासून वाटते. दारावर हात ठेवते तो त्यासाठीच. आत एवढं मोठं धूड, पोटात आग, पोटात पाणी. त्याला राग आला तर भिंतसुद्धा राहायची नाही. सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार तोच. मग मी तोंडावर गार पाणी मारते. म्हणजे दुसरा विचार गारठ्याचा येतो. मग इस्त्री. इस्त्री करताना भिऊन चालत नाही, कपडा जळतो. मग रस्ता, मग ते कुत्रं. असं एकेक करत दारापर्यंत येते. लोकांना वाटतं बाई हौशी आहे."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी वाजवताना दात वाजत नाहीत."

त्या हे इतकं सहज म्हणाल्या की मी पुन्हा हसले. त्याही हसल्या. "जास्त भीती वाटली की जास्त वाजवते. रोजचं म्हणशील तर आत शिरताना जरा वेळ, आणि दुपारी काच धुताना जरा वेळ. बाकी नुसता सराव."

काच म्हणजे बॉयलरच्या अंगावरची काचेची उभी नळी. आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. आग चालू असताना पाणी कमी झालं तर धोका असतो. म्हणून त्या नळीवर माणसाची नजर असावी लागते. नळी गाळाने तुंबू नये म्हणून मावशी रोज दुपारी, आणि शंका आली की मध्येही, तिची खालची तोटी उघडून नळी रिकामी करायच्या. तोटी बंद केली की पाणी उसळून पुन्हा वर यायला हवं. ते आलं की त्या काचेला म्हणायच्या, "शहाणी गं माझी."

त्या दुपारनंतर मी शिट्टी ऐकायला लागले. पूर्वी नुसती कानावर यायची. आता मी थांबून ऐकायचे. सकाळी जरा वेळ. दुपारी जरा वेळ. बाकी तुटक. मावशींनी सांगितलं होतं तसंच. मला ते कुणाला सांगायचं नव्हतं, आणि एकटीने माहीत असणंही नको होतं. रोज सकाळची शिट्टी थांबली की मला हायसं वाटायचं. हॉलमधल्या बाकीच्यांना ती सुरू झाली की हायसं वाटायचं.

तो दिवस कामाचा होता. एका मोठ्या दवाखान्याचा माल आला होता. ढीग टेबलाच्या वर गेले होते. सकाळची शिट्टी झाली. थांबली. वाफ आली. रूळ तापले. काकूंनी पहिली चादर रुळात सोडली आणि म्हणाल्या, "आज शिट्टीने वाफ झकास काढलीय."

मग जेवणाची वेळ व्हायच्या बरीच आधी शिट्टी पुन्हा सुरू झाली.

मी एक चादर पसरत होते. औषधाचा पिवळा डाग होता. शिट्टी थांबेल म्हणून वाट पाहिली. दुसरी चादर पसरली. शिट्टी चालू. श्वास घ्यायला तुटायची तेवढीच. लगेच पुन्हा. वर-खाली जात नव्हती. एकच सूर, सरळ, ताणलेला.

माझे हात चादरीवर थांबले.

"काकू, शिट्टी ऐकताय?"

"ऐकतेय की. आज रंगात आलीय."

"काहीतरी बिघडलंय."

"काय बिघडलंय?"

"मावशी घाबरल्या की शिट्टी वाजवतात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग रुळाच्या पलीकडच्या बाईला म्हणाल्या, "ऐक गं. पदवीधर म्हणतेय, माणूस घाबरला की गातो. आणि खूश झाला की रडत असेल."

त्या दोघी हसल्या. मी मुकादमांकडे गेले. ते माल मोजून घेत होते. मी सांगितलं. त्यांनी कान देऊन ऐकलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

"अगं, चालू आहे ना शिट्टी? बंद पडली असती तर मीच पळालो असतो."

"तेच सांगतेय. बंद पडायला हवी."

"जा, पाणी पी जरा. चेहरा बघ कसा झालाय."

त्यांनी पाठ फिरवली. मला ओरडता आलं असतं. पण काय ओरडणार होते? शिट्टी वाजतेय, पळा?  मी बोळाकडे गेले.

बोळात नेहमी उकडतं. त्या दिवशी भिंतीसुद्धा कोंदल्यासारख्या वाटत होत्या. शिट्टी मोठी होत गेली. मी दारावर हात ठेवला नाही. ढकललं.

आत आग फेकणाऱ्या बर्नरचा आवाज नव्हता. तो आवाज एरवी कान भरून टाकतो. आता त्याच्या जागी नुसती शिट्टी आणि तापलेल्या लोखंडाची टिकटिक. मावशी समोर नव्हत्या. बॉयलर आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. त्यांची पाठ तिथे दिसत होती. पलीकडच्या कोपऱ्यात बॉयलरला पाणी देणारा पंप आणि पंपाच्या नळावरचं चाक. त्या तिकडे सरकत होत्या. एकेक पाऊल. शिट्टीचा एक श्वास, एक पाऊल.

"मावशी."

त्यांनी मान वळवली. ओठ तसेच चंबू केलेले. शिट्टी तुटली नाही. चेहऱ्याचा रंग चादरीसारखा होता. त्यांनी डोळ्यांनी मला दार दाखवलं. मग हात उचलला आणि माझ्या मागे, हॉलच्या दिशेने झटकला. जा. सगळ्यांना ने.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. त्यांनी काचेची तोटी उघडून बंद केली होती आणि पाणी परत आलंच नव्हतं. नळीचं खालचं भोक क्षाराने बंद झालं होतं. म्हणजे आधीपासून काचेत दिसत होतं ते पाणी बॉयलरमधलं नव्हतं. काचेत अडकून पडलेलं होतं. आतलं पाणी कधीच खाली गेलं होतं आणि आग चालू होती. पाणी कमी झालं की पंप आपोआप सुरू होतो, पण त्याचाही आतला तरंगता गोळा क्षारात अडकला होता. मावशींनी आग बंद केली. आता भीती उलटी होती. तो गोळा सुटला असता तर पंपाने लाल तापलेल्या लोखंडावर गार पाणी सोडलं असतं. म्हणून पंपाचं बटण आणि नळाचं चाक बंद करायला हवं होतं. दोन्ही त्या कोपऱ्यात होती.

मला त्या वेळी यातलं काही कळलं नाही. फक्त हात कळला.

मी हॉलमध्ये पळत आले. कुणी वर पाहिलं नाही. भिंतीतून शिट्टी येत होती आणि त्यामुळे सगळे निवांत होते. मला एवढंच दिसलं, मुकादमांच्या टेबलावरची जेवणाची घंटा. ती घंटा त्यांच्याशिवाय कुणी वाजवत नाही. मी दोर धरला आणि वाजवली.

रूळ थांबले. "आज लवकर?" कुणीतरी म्हणालं. काकूंनी हात पुसले, पिशवीतून डबा काढला. लोक उठले, डबे घेतले, अंगणाच्या दाराकडे निघाले. रांगेने. गप्पा मारत. मी मागून ढकलत होते. "अगं हो, पळतंय का जेवण?" काकू म्हणाल्या. एक बाई विसरलेला चमचा घ्यायला परत वळली. मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. ती मला काहीतरी वाईट बोलली.

"घंटा कुणी वाजवली?" मुकादम मागून ओरडत आले. ते बाहेर पडेपर्यंत मी दारात उभी राहिले.

अंगणात लोक बाकांवर बसले. डबे उघडले. मी भिंतीकडे पाहत होते. बाहेर शिट्टी फार बारीक ऐकू येत होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. त्यांनी पहिल्यांदा शिट्टी नीट ऐकली असावी. त्या उभ्या राहिल्या. कुणाला काही न सांगता भिंतीपासून लांब, फाटकाकडे चालायला लागल्या. मग एकेक करून सगळेच उठले.  डबे हातात, उघडे.

शिट्टी थांबली.

तो क्षण मला अजून मोजता येत नाही. मुकादमांनी डोक्यावर दोन्ही हात ठेवले. काही झालं नाही. पुन्हा काही झालं नाही. मग हॉलचं अंगणाकडचं दार उघडलं आणि मावशी बाहेर आल्या. उजव्या हाताला घडीचा रुमाल गुंडाळलेला. नळाचं चाक तापलेलं होतं. त्या आमच्याकडे चालत आल्या आणि जमिनीवरच बसल्या.

मुकादम धावले. "मावशी, शिट्टी चालू होती ना. आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे."

मावशींनी मान हलवली. "मला माहीत होतं तुम्हाला तसंच वाटेल. म्हणून थांबवायला बघत होते."

"मग?"

"थांबवता येईना. थांबवली की पाय थांबायचे."

कुणी पाणी आणलं. त्यांना ते धरता आलं नाही. मी पेला ओठांना लावला. दात पेल्यावर वाजले.

हाताचं फार नव्हतं. दवाखान्यात पट्टी बांधली आणि घरी सोडलं. लॉन्ड्री बंद झाली. तपासणी करणारे लोक येऊन गेले. बॉयलरला मोठी इजा नव्हती. गोळा बदलला. काच उतरवून दोन्ही भोकं साफ करून पुन्हा बसवा, मग चालू करा, असं सांगून गेले. मुकादम म्हणाले, काच मावशीच साफ करतील, ती त्यांची आहे. बॉयलर गार पडून राहिला. मावशी आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं. तिने मला दारातच धरलं आणि हळू बोलली.

"बरं झालं आलीस. त्या तोंडच धूत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे धुतात. गरम पाण्याने. मुकाट. एरवी त्यांच्या त्या 'हाऽ'ने माझी झोप मोडायची, मी रोज चिडायचे. आता मी जागी होऊन वाट बघते. काल मुद्दाम चहात दुप्पट साखर घातली. प्यायल्या.  माझ्या चहाला नाव ठेवलं नाही असा दिवस या घरात उगवलेला नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते रागाने पुसत होती.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर चुरगळलेला झगा. केस तसेच. मी शेजारी बसले. मला त्या हाताच्या पट्टीपेक्षा त्या सुरकुत्यांची भीती वाटली. मी त्यांना इस्त्रीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हिला विनोद सांगा एखादा," सून म्हणाली.

"आठवत नाही."

"मग मी सांगू? मी तर शेवट शेवटीच सांगेन. तुम्हाला आवडायचा नाही."

मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाजत नाही गं. ओठ केले, हवा सोडली. नुसती हवा येते."

"येईल हळूहळू."

"मुलगा म्हणतो, सोड आता. घरी बस. त्याचं चुकत नाही." त्या थांबल्या. "पण घरी बसले तरी ती खोली माझ्या पुढ्यातच आहे. इथे बसूनही दारावर हात ठेवतेय मी. आत जाता येत नाही आणि बाजूला होता येत नाही. आता ही भीती रिकामीच आहे बघ. तिच्यासमोर काही काम नाही. पूर्वी काम तरी असायचं."

  मी त्यांचा डावा हात धरून बसले. हात गार होता. मला वाटलं, सगळे समजत होते की या बाईपाशी उत्साह आहे. तिच्यापाशी फक्त रोजचा दिवस होता, आणि ती तो रोज पहिल्यापासून बांधत होती. एक दिवस बांधला नाही तर खाली काही नव्हतं. मला माझ्यासाठीही भीती वाटली.

निघताना सून दारात म्हणाली, "उद्या सकाळी ये. मी त्यांना गार पाणी देते. भांडण झालं तर झालं."

आज सकाळी गेले. न्हाणीघरातून सुनेचा आवाज येत होता. "गरम नाहीये. संपलं. हेच आहे." मग मावशींचा, "सकाळी सकाळी जीव घेशील माझा." मग पाण्याचा आवाज. 'हाऽ' आलं नाही. एक दबलेला हुंकार आला. सुनेने माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले.

इस्त्री सुनेनेच केली. मावशी उभ्या राहून बघत होत्या. "बाही जाळशील," म्हणाल्या. सून खूश झाली.

मावशी आणि मी लॉन्ड्रीकडे चालत गेलो. नेहमीच्याच रस्त्याने. कुत्रं फाटकात होतं. मावशी त्याच्याकडे पाहून पुढे गेल्या. हॉल रिकामा होता. रुळांवर फडकी घातलेली. बोळाच्या तोंडाशी त्या थांबल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ओठ त्यांनी केले. हवा आली.

"मी जाते आत आधी," मी म्हणाले.

"नको." त्यांनी माझी बाही धरली. "तू बोल काहीतरी. बोलत राहा. कविता नको."

"मग काय बोलू?"

"काहीही. तुझे डाग सांग."

मी डाग सांगायला लागले. चहाचा डाग कडेला गडद असतो. औषधाचा पिवळा असतो, घासला की पसरतो. शाईचा गार पाण्याने जातो असं म्हणतात, पण जात नाही. रक्ताचा गारच पाण्याने जातो, गरम लागलं की कायमचा बसतो. मावशी चालत होत्या. मी गंजाच्या डागावर आले तेव्हा आम्ही दारापाशी होतो. त्यांनी तळहात दारावर ठेवला. दार गार होतं. त्यांचा हात तिथे बराच वेळ राहिला. मी गंजाबद्दल मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, मग माहीत नव्हतं तेही.

"खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या, आणि दार ढकललं.

आत बॉयलर गप्प होता. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. पाय घसटत काचेपर्यंत गेल्या. पट्टीच्या हाताने पाना धरता येईना, म्हणून नट मी सैल केले, त्या सांगतील तसे. नळी उतरवून फडक्यावर ठेवली. मग त्यांनी तार घेतली. वरचं भोक आधी. तार आत गेली, फिरली, पांढरी भुकटी खाली पडली. मी तेलाच्या डागावर होते. वरचं भोक मोकळं झालं. त्यांनी त्यातून फुंकर घातली. एक बारीक आवाज निघाला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग खालचं भोक. ज्याने फसवलं ते. तार थोडी आत गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला. अजून थोडी गेली. मग त्यांचा हात थांबला. कपाळावर घाम आला होता. मी बोलायची थांबले.

"मी करू?"

"नाही."

त्या तशाच उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. मला वाटलं त्या पडतील. मी पुढे झाले. त्यांनी डोळे उघडले, तार सोडली, इस्त्रीचा रुमाल काढून हात पुसले. डावा, मग पट्टीचा.

"राहू दे तसंच."

"पण थोडंच राहिलंय, मावशी."

"म्हणूनच. पूर्ण केलं तर उद्या यायला मला कारण काय?" त्यांनी रुमालाची पुन्हा घडी घातली. "मुकादमांना सांग, उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मी त्यांना घरी पोहोचवलं आणि परत आले. मुकादमांना सांगितलं. ते बोळातून जाऊन पाहून आले.  दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

उद्या त्या येतील की नाही, मला माहीत नाही. मी फुंकर घालून बघितली आहे, मलाही शिट्टी येत नाही. खालच्या भोकात तार अर्धी आत आहे, अर्धी बाहेर.